‘अचानक’ या शब्दाची उलटतपासणी

1998 च्या मार्च महिन्यात आम्ही नऊ जण हर की दूनला गेलो होतो. परत आल्यावर आमच्या गिर्यारोहण मंडळाच्या स्मरणिकेत मी त्यावर लेख लिहिला. लेखाचे कौतुक झाले. त्यातील एक परिच्छेद मंडळाच्या दोन-तीन कार्यक्रमांत वाचूनही दाखवला गेला. ओसला गाव मागे टाकल्यावर एका सपाटीवरून चालताना पायाखाली ‘धप्प’ असा खोल, घुमणारा आवाज झाला होता आणि भोवतालचा बर्फ किंचित खाली बसल्यासारखा वाटला होता. त्याचे वर्णन मी असे केले होते : ‘जणू आमच्या हाकेला हिमालयाने हुंकार दिला.’

पुढच्याच वाक्यात एक भारवाहक येतो. समोर बर्फाचा एक रुंद उतार आडवा पार करायचा होता. तो तिथे थांबला, हातातल्या काठीने वरची बाजू दाखवली आणि म्हणाला, ‘साब, आज इधर से नहीं.’ लेखात मी त्याला ‘बिचारा घाबरला होता’ असे म्हटले आहे. दहा मिनिटे वाद झाला. मग आम्ही एकमेकांना धीर देत, एकामागे एक चिकटून तो उतार पार केला. काही झाले नाही. लेखाचा शेवट अर्थातच जिद्दीच्या विजयाने होतो.

त्यानंतर तेरा वर्षांनी, 2011 मध्ये, हिमस्खलनावरचे एक इंग्रजी पाठ्यपुस्तक वाचताना त्या आवाजाचे वर्णन समोर आले आणि मी पुस्तक मिटून बसलो. तो हुंकार नव्हता. बर्फात दडलेला एक कमकुवत थर आमच्या वजनाने मोडला होता, त्याचा तो आवाज होता. धोक्याची जी मोजकी लक्षणे दिसताच वाद न घालता मागे फिरावे असे अभ्यासक सांगतात, त्यांत या आवाजाचा क्रमांक फार वरचा आहे. बर्फाने आम्हाला शक्य तितक्या स्पष्ट भाषेत सांगितले होते. एका माणसाला ती भाषा कळली होती, त्याला मी घाबरट ठरवले होते.

मी शास्त्रज्ञ नाही. वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे. बर्फाविषयी जे शिकलो ते पुस्तकांतून, परदेशी संस्थांच्या अपघात-अहवालांतून आणि पुढे हिमालयात हातात फावडे घेऊन खणलेल्या खड्ड्यांतून. प्रस्तुत लेख ही त्या जुन्या परिच्छेदाची समीक्षा आहे. पण तो परिच्छेद मला एकट्याला सुचलेला नव्हता. तसे लिहायला ज्या मराठी लेखनाने मला शिकवले, त्याचीही ही तपासणी आहे.

तीन शब्द

गेली दहा-बारा वर्षे मी हिमालयातील अपघातांवरचे मराठी लेखन जमवतो आहे : वृत्तपत्रांची कात्रणे, मंडळांच्या स्मरणिका, मोहिमांचे अहवाल, प्रवासलेख. यांत चांगले लिहिणारे पुष्कळ आहेत. पण हिमस्खलनाचा प्रसंग आला की बहुतेकांची भाषा एकाच मळलेल्या वाटेने जाते. तीन शब्द हमखास भेटतात : ‘अचानक’, ‘दुर्दैवी’ आणि ‘निसर्गाचा कोप’. क्रियापदेही ठरलेली असतात. कडा कोसळतो, बर्फ गिळतो, काळ घाला घालतो. या वाक्यांचे व्याकरण पाहा. कर्ता पर्वत, बर्फ किंवा काळ. माणसे फक्त कर्माच्या जागी. ज्यांनी महिनोन्‌महिने तयारी केली, नकाशे पाहिले, वेळा ठरवल्या, तीच माणसे त्या एका वाक्यात निष्क्रिय होतात.

यातून जे निसटते त्याची यादी मोठी आहे. उतार किती अंशांचा होता? त्याचे तोंड कोणत्या दिशेला होते? आधीच्या तीन दिवसांत किती बर्फ पडला होता? वारा कुठून होता? ऊन किती वाजता आले? माणसे एकमेकांपासून किती अंतरावर होती? पुढे जायचे कोणी ठरवले, आणि कोणाला शंका होती? माझ्या संग्रहातल्या वृत्तान्तांत या प्रश्नांची उत्तरे सहसा सापडत नाहीत. शिखराची उंची मात्र मीटरमध्ये अचूक असते.

हाच लेखक सह्याद्रीवर लिहितो तेव्हा असा वागत नाही, हे मला अधिक महत्त्वाचे वाटते. एखाद्या कड्यावर कोणी पडले तर आपण लगेच विचारतो : दोर होता का, मेख कशात ठोकली होती, कातळ ओला होता का, बूट कोणते होते. आपल्याकडे त्यासाठी शब्दही आहेत. ‘पुढे घसारा आहे’ असे म्हटले की ऐकणाऱ्याचे पाऊल आपोआप बदलते. वर्णन आणि सावधगिरी एकाच शब्दात येतात. नाळ, बेचके, सोंड, निसरडे, मुरमाड, शेवाळलेले : हे शब्द डोंगरातल्या माणसांच्या अनुभवातून आले. पावसाचे तर विचारूच नका. झड, झिमझिम, सर, वळीव, संततधार यांतला फरक आपल्या पोरांनाही कळतो. बर्फापुढे मात्र आपण ‘शुभ्र’ आणि ‘भुसभुशीत’ या दोन शब्दांवर थांबतो. शब्द नाही तिथे निरीक्षण होत नाही. निरीक्षण नाही तिथे जे होईल ते ‘अचानक’च असणार.

जिना, लादी आणि जाड साखर

हिमस्खलन समजून घ्यायला अवघड गणित लागत नाही. घरातल्या वस्तूंवर काम भागते.

पहिली वस्तू जिना. गिर्यारोहकांवर कोसळणारी बहुतेक हिमस्खलने साधारण 30 ते 45 अंशांच्या उतारावर सुटतात. याहून उभ्या भिंतीवर बर्फ फारसा साठतच नाही, थोडा थोडा घसरत राहतो. याहून सौम्य उतारावर तो सहसा जागचा हलत नाही. आपल्या घरांतले जिने बहुधा 30 ते 35 अंशांचे असतात. म्हणजे ज्या उताराकडे पाहून सह्याद्रीत वाढलेला माणूस ‘हे तर सोपे आहे’ म्हणेल, तोच उतार बर्फात सर्वांत संशयास्पद असतो. कड्याची भीती आपल्या डोळ्यांना ठाऊक आहे, जिन्याची नाही. शिवाय आपण स्वतः सपाटीवर उभे असलो तरी वरचा उतार आपल्यावर येऊ शकतो, हे ध्यानात घ्यावे लागते.

दुसरी वस्तू बर्फाची लादी. बर्फाच्या कारखान्यातून गोणपाटात गुंडाळून येणारी लादी आपण सर्वांनी पाहिली आहे. डोंगरावरचा बर्फ हिवाळाभर एकेका हिमवर्षावाने थर रचत जातो. वारा एका बाजूचा बर्फ उचलून दुसऱ्या बाजूला, धारेच्या आडोशाला, दाबून बसवतो. तिथे वरचा थर एकसंध होतो. त्यावर चालायला बरे वाटते, पाय रुतत नाही, पोकळ वाजतो. ही लादी. तिच्याखाली जर कमकुवत थर असेल आणि तो एका ठिकाणी मोडला, तर मोड आतल्या आत वेगाने पसरते आणि शेकडो फूट रुंद लादी एकदम सुटते. आपण तिच्या मध्यभागी उभे असतो.

तिसरी वस्तू जाड साखर. जमिनीलगतचा बर्फ शून्य अंशाच्या आसपास असतो, वरचा पृष्ठभाग रात्री त्याच्या कितीतरी खाली जातो. पातळ बर्फ आणि कडक थंडी असेल तर या फरकामुळे आतली वाफ खालून वर सरकत राहते आणि खालच्या कणांचे मोठे, कंगोरेदार, एकमेकांना न चिकटणारे दाणे होतात. मुठीत घेतले तर जाड साखरेसारखे ओघळतात. काराकोरम आणि लडाखसारख्या कोरड्या, अतिथंड भागात हे जास्त दिसते. पीर पंजालच्या बाजूला बर्फ जाड आणि ओलसर असतो. तिथे मोठ्या हिमवर्षावानंतरचे एक-दोन दिवस आणि वसंतातली दुपार सांभाळावी लागते. पश्चिम हिमालयाचे असे तीन हिमपट्टे अभ्यासकांनी मानले आहेत. ‘हिमालयातला बर्फ’ अशी एकच वस्तू नाही.

कमकुवत थराचा आणखी एक प्रकार आपल्या परिचयाचा आहे. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी एखाद्या निरभ्र, निवांत रात्री दहिवर गोठते आणि सकाळी त्याची छायाचित्रे वर्तमानपत्रांत येतात. उंच हिमालयात अशाच रात्री बर्फाच्या पृष्ठभागावर पिसांसारखे, चमचमणारे स्फटिक उगवतात. त्यांचे फोटो मीही काढले आहेत. पुढच्या हिमवर्षावाखाली ते न मोडता गाडले गेले की वरच्या लादीला खाली धरून ठेवणारे काही उरत नाही. कित्येक आठवडे ते तसेच दबून राहू शकतात. आपण ज्याला ‘अचानक’ म्हणतो त्याची तयारी अशी आठवडेच्या आठवडे चाललेली असते.

आणि ती लादी सोडवतो कोण? युरोप आणि उत्तर अमेरिकेत हौशी पर्वतप्रवाशांच्या अपघातांच्या नोंदी दीर्घकाळ ठेवल्या गेल्या आहेत. त्या सांगतात की माणसे सापडलेल्या सुमारे दहांपैकी नऊ हिमस्खलनांना सापडलेला माणूस किंवा त्याचाच सोबती कारण झाला होता. ‘निसर्गाचा कोप’ या शब्दाला या एका आकड्यापुढे उभे राहता येत नाही.

याला अपवाद आहेत, आणि ते मान्य केले पाहिजेत. 18 एप्रिल 2014 रोजी एव्हरेस्टच्या खुंबू हिमप्रपातावर लोंबकळत्या हिमकड्याचा प्रचंड तुकडा कोसळला आणि 16 नेपाळी कामगार मरण पावले. तो कोणाच्या पावलाने सुटला नव्हता आणि त्याची वेळ कोणी सांगू शकले नसते. पण वेळ माहीत नसली तरी जागा माहीत होती. पुढच्या वर्षी वाट त्या बाजूपासून दूर, मधल्या भागातून आखली गेली. शिवाय त्या जागेखालून कोणी किती फेऱ्या मारायच्या हे तर माणसेच ठरवतात. शिखरावर जाणारा पाहुणा तिथून मोजक्या वेळा जातो. त्याचे ओझे वाहणारा पुन्हा पुन्हा जातो. मेलेले सोळाही जण कामगार होते, यात दैवाचा भाग किती आणि कामाच्या वाटणीचा किती, हा प्रश्न ‘दुर्दैवी’ या शब्दाने विचारताच येत नाही.

दोन ऑक्टोबर

ऑक्टोबर 2014 मध्ये नेपाळमध्ये अन्नपूर्णा परिसरात, 5,416 मीटर उंचीच्या थोरोंग ला खिंडीच्या आसपास, हिमवादळ आणि हिमस्खलनांत 43 जणांचा मृत्यू झाला. ऑक्टोबर हा तिथला सर्वांत भरवशाचा महिना, त्यामुळे ‘अचानक आलेले वादळ’ हे शब्द सर्वत्र छापले गेले. पण ते वादळ म्हणजे हुदहुद चक्रीवादळाचा अवशेष होता. हुदहुद 12 ऑक्टोबरला विशाखापट्टणमजवळ किनाऱ्यावर आदळले. त्याचा माग हवामान खाते त्याआधीपासून काढत होते. खिंडीत कहर झाला तो 14 तारखेला. मधले दोन दिवस बातमी समुद्राकडून डोंगराकडे चालली होती. ती चहाच्या टपरीपर्यंत आणि वाटाड्यांपर्यंत पोचवण्याची व्यवस्था नव्हती. हे वाक्य ‘निसर्गापुढे माणूस हतबल’ या वाक्याहून जड आहे, कारण त्यात करण्यासारखे काहीतरी उरते.

दुसरा ऑक्टोबर 2022 चा. 4 तारखेला उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेच्या प्रशिक्षणार्थी आणि प्रशिक्षकांच्या तुकडीवर द्रौपदी का डांडा-2 या शिखरावर हिमस्खलन झाले. 27 मृतदेह मिळाले, दोघे सापडले नाहीत. मृतांत सविता कंसवाल होती. त्याच वर्षीच्या मे महिन्यात तिने एव्हरेस्ट आणि मकालू ही दोन्ही शिखरे सोळा दिवसांत सर केली होती. त्या दिवशी कोणाचे काय चुकले हे इथे बसून ठरवण्याचा मला अधिकार नाही, आणि तो माझा विषयही नाही. माझा विषय इतकाच की त्या आठवड्यात मी वाचलेल्या मराठी मजकुरात एव्हरेस्टचा विक्रम होता, हेलिकॉप्टरच्या फेऱ्या होत्या, आईवडिलांचा आक्रोश होता. त्या उतारावरच्या बर्फाविषयी एक परिच्छेद नव्हता. शिखर सर करण्याचे कौशल्य आणि एका उतारावरचा एका सकाळचा बर्फ ओळखणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या निमित्ताने वाचकाला सांगता आले असते. हिमालयाची तयारी करणारी किती मुले-मुली ते वर्तमानपत्र वाचत होती!

परतीचे आरक्षण

अमेरिकन अभ्यासक इयन मॅकॅमन यांनी 1972 ते 2003 या काळातील अमेरिकेतल्या 715 हिमस्खलन अपघातांचा अभ्यास करून 2004 मध्ये निष्कर्ष मांडले. धोक्याची लक्षणे समोर दिसत असतानाही माणसे पुढे का जातात, हा त्यांचा प्रश्न होता. त्यांना सहा सापळे दिसले : जागा ओळखीची असणे, इतरांच्या नजरेत चांगले ठरण्याची ओढ, ठरलेल्या बेताला चिकटून राहणे, गटातल्या ‘जाणकारा’वर भार टाकणे, संधी पुन्हा मिळणार नाही ही भावना, आणि आसपास इतर लोक असल्याचा दिलासा. विशेष म्हणजे प्रशिक्षण घेतलेली माणसेही ओळखीच्या उतारांवर या सापळ्यांत सापडलेली दिसली.

ही यादी वाचताना मला आमचा 1998 चा उतार आठवला. प्रत्येक सापळ्याला आमच्याकडे मराठी नाव होते. ‘ठरलेला बेत’ म्हणजे डेहराडूनहून दोन दिवसांनी असलेले परतीचे आरक्षण, आणि कार्यालयात मंजूर करून घेतलेली दहा दिवसांची रजा. ‘इतरांची नजर’ म्हणजे वर्गणी देणारे मंडळाचे हितचिंतक आणि परतल्यावरचा शाल-श्रीफळाचा कार्यक्रम. ‘जाणकार’ म्हणजे आमचे नेते. त्यांनी सह्याद्रीतले सुळके चढले होते, म्हणून बर्फातही त्यांचेच खरे असे आम्ही धरून चाललो. खरा जाणकार ओझे घेऊन मागे उभा होता. हिवाळ्यात सांक्रीला आज जी गर्दी असते ती पाहता ‘आसपास इतर लोक आहेत’ हा सापळा आमच्या काळापेक्षा मोठा झाला आहे. पुढच्याच्या पाऊलखुणा हा उतार सुरक्षित असल्याचा पुरावा नसतो. त्या खुणांचा अर्थ एवढाच की आधी कोणीतरी गेले आणि तेवढ्या वजनाला, त्या क्षणी, थर मोडला नाही.

बर्फ हा वाईट शिक्षक आहे. शंभरदा चूक केली तर बहुतेक वेळा तो काहीच शिक्षा करत नाही. आपण सुखरूप घरी येतो, अनुभव म्हणून तीच चूक पुढच्यांना शिकवतो आणि स्मरणिकेत लेख लिहितो. म्हणूनच इथे लेखनाची जबाबदारी वाढते. जे अनुभवातून कळत नाही ते लेखी नोंदींतूनच कळू शकते.

पंधरा मिनिटे

लेखनाच्या सवयीचा परिणाम थेट जिवावर कसा होतो याचे एक उदाहरण देतो. हिमस्खलनाची मराठी बातमी बहुधा बचावकार्याभोवती फिरते : किती जवान, किती श्वानपथके, किती हेलिकॉप्टर. 1994 मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्विस आकडेवारीनुसार पूर्ण गाडला गेलेला माणूस पंधरा मिनिटांत बाहेर काढला तर वाचण्याची शक्यता 90 टक्क्यांहून अधिक असते. पस्तीस मिनिटांनी ती सुमारे 30 टक्क्यांवर येते. नंतरच्या अभ्यासांनी तो सुरुवातीचा अवधी आणखी कमी, दहा मिनिटांच्या आसपास, धरला आहे. दहा मिनिटांत हेलिकॉप्टर येत नाही. वाचवू शकतो तो शेजारी उभा असलेला सोबती, आणि तोही त्याच्याकडे तीन वस्तू असतील तरच : संकेत देणारे-घेणारे शोधयंत्र, बर्फात खुपसून पाहायची लांब घडीची काठी आणि फावडे. तिन्ही प्रत्येकाजवळ हवीत, वापरण्याचा सराव हवा. हिवाळी हिमालयात मी ज्या गटांबरोबर गेलो त्यांपैकी बहुतेकांत यांतले काहीच नव्हते. ऑक्सिजनचा सिलिंडर मात्र असे. बातम्या वाचून आपली समजूत झाली आहे की वाचवायला कोणीतरी बाहेरून येते.

पूर्वसूचनेचेही तसेच. आपल्याकडे हे ज्ञान नाही असे नाही. मनालीला हिम आणि हिमस्खलन अध्ययन संस्था 1969 मध्ये सुरू झाली. सीमेवरच्या सैनिकांच्या मृत्यूंनी ती गरज दाखवली होती. 2020 मध्ये ती संरक्षण खात्याच्या दुसऱ्या प्रयोगशाळेत मिळून नव्या नावाने काम करू लागली आणि तिचे इशारे हिवाळ्यात जिल्हावार प्रसिद्ध होतात. 28 फेब्रुवारी 2025 रोजी बद्रीनाथजवळच्या माणा इथे रस्तेबांधणीच्या तळावर हिमस्खलन होऊन 54 कामगार अडकले आणि आठ जण मरण पावले. त्याच्या आदल्याच दिवशी चमोलीसह उत्तराखंडातील काही जिल्ह्यांसाठी इशारा दिला गेला होता. जिल्ह्याचा इशारा एका उताराविषयी काही सांगत नाही, हे खरे. पण तो वाचण्याची सवय ज्याला आहे, तो निदान त्या दिवशी उताराकडे दोनदा पाहतो.

इशाऱ्याच्या भाषेचीही परीक्षा घ्यावी लागते. युरोपात 1993 पासून धोक्याच्या पाच पातळ्या मानतात. सर्वाधिक मृत्यू चौथ्या-पाचव्या पातळीला होत नाहीत. त्या दिवशी लोक घरी बसतात. ते तिसऱ्या पातळीला होतात, कारण पाचातले तीन म्हणजे मध्यम, असे ऐकणाऱ्याला वाटते. तिसरी पातळी मध्यम नसते. पुष्कळ उतारांवर एकट्या माणसाच्या वजनाने लादी सुटू शकते, असा तिचा अर्थ आहे. शब्दाने माणसे मरतात, हे तिथल्या लोकांनी आकडे मांडून ओळखले आहे.

आरोप आणि चौकशी

माझ्या या मतांवर मंडळातल्या एका ज्येष्ठ मित्रांनी घेतलेला आक्षेप मला गंभीर वाटतो. ते म्हणाले, ‘ज्यांचे मूल गेले त्यांच्यापुढे तू उताराचे अंश मोजणार का? दुर्दैव म्हणण्यात एक दया आहे.’ ती दया खरी आहे. शोकसभेत मीही ‘दुर्दैव’च म्हणेन. पण वर्षभराने निघणाऱ्या अहवालात तोच शब्द आला, तर ती दया गेलेल्यांवर होते आणि पुढे जाणाऱ्यांवर अन्याय होतो.

आरोप न करता चौकशी करता येते. अमेरिकेत कोलोरॅडो राज्याचे हिमस्खलन माहिती केंद्र प्राणघातक अपघातांचे सविस्तर अहवाल प्रसिद्ध करते. त्यांत उतार, दिशा, थर, हवामान, माणसांच्या हालचाली असा क्रम असतो. शेवटी काय शिकता येईल ते सौम्य शब्दांत असते. 19 फेब्रुवारी 2012 रोजी वॉशिंग्टन राज्यातील टनेल क्रीक इथे सोळा जणांच्या गटापैकी तिघे हिमस्खलनात गेले. त्यावर जॉन ब्रँच यांनी ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये ‘स्नो फॉल’ हा दीर्घ वृत्तान्त लिहिला आणि 2013 मध्ये त्याला पुलित्झर मिळाले. चर्चा झाली ती मुख्यतः त्यातल्या हलत्या चित्रांची. मला त्याचे मोल वेगळ्या ठिकाणी वाटते. लेखकाने वाचलेल्या प्रत्येकाला विचारले की त्या सकाळी तुमच्या मनात काय होते. आणि उघड झाले की गट फार मोठा आहे, हे बरोबर नाही, असे अनेकांना वाटले होते. बोलले कोणी नाही. एकेकाचे मौन समोर ठेवून त्याने कोणालाच खलनायक केले नाही. वाचणाऱ्याला मात्र आपल्या गटातले मौन ओळखता येते. शोकाची दया आणि चौकशीची शिस्त एकत्र नांदू शकतात, याचा हा पुरावा.

मराठीत हे होऊ शकते. ‘घसारा’ घडवणाऱ्या भाषेला ‘लादी’, ‘साखर-बर्फ’, ‘गाडलेले दहिवर’ हे शब्द जड नाहीत. मंडळांनी आपल्या मोहिमांच्या अहवालात, अपघात झालेला असो वा नसो, वर दिलेल्या प्रश्नांची उत्तरे लिहायची प्रथा पाडली तरी पुष्कळ होईल. परत फिरलेल्या मोहिमांचे अहवालही छापले पाहिजेत. ‘निसर्गाने साथ दिली नाही’ या एका ओळीत ते गुंडाळले जातात, आणि त्यांतच सर्वांत चांगला निर्णय दडलेला असतो.

सुरुवात स्वतःपासून करावी म्हणून 1998 च्या लेखातला तो परिच्छेद मी आता असा लिहितो :

‘ओसलाच्या पुढे सपाटीवर बर्फाचा आतला थर आमच्या वजनाने मोडला, मोठा आवाज झाला. पुढचा उतार साधारण जिन्याइतका तीव्र होता. आदल्या दोन दिवसांत बर्फ पडला होता. किती, ते मोजले नाही. वारा धारेवरून आमच्या बाजूला बर्फ उडवत होता. आमच्याबरोबरच्या एका भारवाहकाने पुढे जाऊ नये असे सांगितले. दोन दिवसांनी परतीचे आरक्षण होते. मला शंका आली होती. मी बोललो नाही. आम्ही नऊ जण आणि तीन भारवाहक एकाच वेळी, एका रांगेत गेलो. शोधयंत्र, काठी, फावडे यांपैकी काही नव्हते. लादी सुटली नाही. का सुटली नाही, ते आम्हाला माहीत नाही.’

हा परिच्छेद कोणत्याही कार्यक्रमात वाचून दाखवण्यासारखा नाही. त्यात अजून एक जागा रिकामी आहे. त्या भारवाहकाचे नाव मी मूळ लेखात दिले नव्हते. आमच्या नऊ जणांची नावे, गावे आणि रक्तगटसुद्धा स्मरणिकेत छापले आहेत. मंडळाची जुनी पत्रे आणि हिशेबाच्या वह्या मी चाळून पाहिल्या. त्या दिवसाच्या नोंदीत ‘पोर्टर 3’ एवढेच लिहिले आहे.